पायांपासून सुरुवात : घरच्या सिम्युलेटरसाठी रडर पेडल आणि जॉयस्टिक यांची मांडणी

घरच्या संगणकावर विमान चालवल्याचा अनुभव देणाऱ्या आज्ञावलींना, म्हणजेच फ्लाइट सिम्युलेटरना, गेल्या काही वर्षांत फार मोठी दृश्यसमृद्धी लाभली आहे. ऑगस्ट २०२०मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरने उपग्रहांच्या आणि हवाई छायाचित्रांच्या आधारे सगळी पृथ्वी पडद्यावर आणली, त्यामुळे रहिमतपूरसारख्या सातारा जिल्ह्यातील गावात बसलेल्या हौशी माणसालाही कृष्णेचे वळण, उसाचे पट्टे आणि आपल्याच घराभोवतीची शिवारे वरून पाहता येऊ लागली. मात्र नजरेसमोरचे दृश्य जितके खरे झाले तितके हातापायांखालचे साधन खरे झाले नाही, आणि महागडी उपकरणे विकत आणूनही विमान धावपट्टीवर सरळ धावत नाही किंवा हवेत डुलत राहते, अशी तक्रार नवशिक्यांकडून सर्रास ऐकू येते. या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा उपकरणात नसून ते बसवण्याच्या क्रमात असते. खुर्ची आणि फरशी यांची बाजू आधी पक्की करावी, त्यानंतर उपकरणाचे मोजमाप तपासावे, मग सिम्युलेटरमधील जोडण्या कराव्यात आणि संवेदनशीलतेचे आकडे अगदी शेवटी हाताळावेत, हा क्रम उलटा झाला की फरशीवर सरकणाऱ्या पेडलचा दोष आकडे बदलून झाकण्याचा निष्फळ खटाटोप सुरू होतो.

पायांना एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी विमानाच्या हालचालींकडे पाहावे लागते. विमान तीन अक्षांभोवती फिरते. जॉयस्टिक पुढेमागे केली की शेपटीवरील एलिव्हेटर नावाची आडवी फळी हलून नाक खालीवर होते. ती डावीउजवीकडे कलवली की पंखांच्या टोकांजवळील एलेरॉन या फळ्या परस्परविरुद्ध हलून विमान एका कुशीवर झुकते. आणि पायांनी रडर पेडल दाबले की शेपटीच्या उभ्या पात्याला जोडलेला रडर वळून नाक डावीकडे किंवा उजवीकडे सरकते. दोन्ही पेडल एकमेकांना जोडलेली असल्याने डावे पुढे गेले की उजवे तेवढेच मागे येते. मोटार चालवण्याची सवय असलेल्या माणसाला वळणे म्हणजे हाताचे काम वाटते, पण विमान उजवीकडे झुकवताना डाव्या पंखाचा एलेरॉन खाली येऊन त्या पंखाची उचल वाढते आणि उचलीबरोबर हवेचा विरोधही वाढतो, त्यामुळे नाक वळणाच्या उलट दिशेला, म्हणजे डावीकडे, ओढले जाते. हा प्रतिकूल कल पायांनीच सावरावा लागतो. शिवाय सेसना १७२सारख्या एका पंख्याच्या विमानात पंखा वैमानिकाच्या बाजूने पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, त्याने मागे ढकललेली हवा सर्पिलाकार वळत शेपटीच्या डाव्या बाजूवर आदळते आणि पूर्ण जोर देऊन उड्डाण करताना नाक डावीकडे खेचले जाते. म्हणून उड्डाणात आणि चढणीत उजवे पेडल सतत थोडे दाबून ठेवावे लागते. एडविन लिंक या अमेरिकन माणसाने १९२०च्या दशकाच्या अखेरीस वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यातील भाते वापरून जमिनीवरचे पहिले यशस्वी प्रशिक्षणयंत्र बनवले, तेव्हा त्यात पडदा नव्हता, पण दांडी आणि पेडल होती, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्यासारखी आहे.

खरेदीबाबत फार विस्ताराची गरज नाही. ज्याला अजून आपली आवड टिकेल की नाही हे ठाऊक नाही, त्याने मूठ पिळून रडर चालवता येणारी साधी जॉयस्टिक घ्यावी. लॉजिटेकची एक्स्ट्रीम ३डी प्रो ही या प्रकारातील जुनी आणि सर्वपरिचित वस्तू आहे. पुढे पेडल घेताना आतला संवेदक कोणत्या जातीचा आहे हे मात्र पाहावे. स्वस्त उपकरणांत पोटेन्शिओमीटर असतो, म्हणजे कार्बनच्या पट्टीवरून घासत जाणारा एक स्पर्शक, आणि त्या घर्षणाने व धुळीने काही काळानंतर वाचन थरथरू लागते. हॉल संवेदक चुंबकीय क्षेत्रातील बदल मोजतो, त्यात काहीच घासले जात नाही, त्यामुळे तो दीर्घकाळ स्थिर राहतो. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी रस्त्यांवर उडवलेली धूळ घराघरात येते अशा भागात हा फरक केवळ कागदावरचा राहत नाही. थ्रस्टमास्टरच्या टी.१६०००एम या जॉयस्टिकमध्ये हॉल संवेदक आहे, पण त्याच कंपनीची टीएफआरपी पेडल थेट संगणकाला जोडता येत नाहीत. ती त्या कंपनीच्या थ्रॉटलला, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करणाऱ्या दांड्याला, किंवा वेगळ्याने विकत मिळणाऱ्या अॅडॅप्टरला जोडावी लागतात. रहिमतपूरच्या बाजारपेठेत अशी उपकरणे हाताळून पाहण्याची सोय नसल्याने ती बहुधा ऑनलाइनच मागवली जातात, आणि म्हणूनच जोडणीचा हा तपशील मागणी नोंदवण्यापूर्वी वाचणे आवश्यक ठरते.

आता सर्वांत उपेक्षित आणि सर्वांत निर्णायक भाग, म्हणजे फरशी. पेडलच्या तळाला रबराचे तुकडे असतात, ते गालिच्यावर बऱ्यापैकी पकड घेतात, पण आपल्याकडच्या घरांतील शहाबादी किंवा गुळगुळीत टाइलवर ती पकड पुरत नाही. पाय दाबला की पेडलचा संपूर्ण सांगाडा पुढे सरकतो आणि खुर्चीला चाके असतील तर ती मागे घरंगळते. पायाने लावलेला जोर अशा रीतीने दोन्हीकडे वाया गेल्यावर रडर किती दाबला गेला याचा अंदाज मेंदूला येतच नाही. भिंतीला टेकवून पेडल अडवण्याचा उपाय अर्धवट आहे, कारण खुर्ची तरीही मागे जातेच. खरा उपाय पेडल आणि खुर्ची एकाच फळीवर घेण्यात आहे, म्हणजे पायाचा पुढचा दाब आणि पाठीचा मागचा दाब त्या फळीतच एकमेकांना तोलतात आणि फरशीवर आडवा जोर पडत नाही. गावातील कोणत्याही सुताराकडून १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडची, साधारण ४ फूट लांब आणि २ फूट रुंद फळी कापून घ्यावी; तिच्या पुढच्या भागात पेडल बसवावीत आणि मागच्या भागावर खुर्चीचे पुढचे पाय येऊ द्यावेत. पेडलच्या तळाला बोल्टची भोके असल्यास नट-बोल्ट वापरावेत. नसल्यास सांगाड्याच्या चारही बाजूंनी लाकडाच्या रिपा ठोकून त्याला घट्ट चौकट करावी, म्हणजे उपकरणाला भोक न पाडता ते जागचे हलत नाही आणि हवे तेव्हा उचलूनही घेता येते. पुढच्या पायांखाली फळी आल्याने खुर्ची मागे कलते, म्हणून मागच्या पायांखाली त्याच जाडीचे तुकडे द्यावेत आणि पुढचे पाय फळीवर सरकू नयेत यासाठी त्यांच्यामागे एक आडवी रीप मारावी. चाकांची खुर्ची या कामाला घेऊच नये. घरातील चार पायांची साधी लाकडी खुर्ची तिच्यापेक्षा कितीतरी चांगली.

बसण्याची जागा ठरवताना पेडल मध्यभागी असताना गुडघ्यात स्पष्ट वाक राहील आणि एक पेडल पूर्ण पुढे गेले तरी पाय ताठ होऊन नितंब सरकणार नाही, एवढे अंतर ठेवावे. टाचा खालीच टेकलेल्या असाव्यात आणि चवड्यांनी पेडलच्या खालच्या भागावर दाब द्यावा. पेडलचा वरचा भाग बोटांनी पुढे कलवला की त्या त्या बाजूच्या चाकाचा ब्रेक लागतो, त्यामुळे पाय सुरुवातीपासूनच वर चढवून ठेवण्याची सवय लागली तर प्रत्येक रडरबरोबर नकळत ब्रेकही दाबला जातो. अनवाणी बसावे की बूट घालून, याबद्दल मतभेद आहेत. पातळ तळाचे बूट किंवा जाड मोजे यांनी टाच सहज सरकते आणि दाब सारखा पडतो, तर घामाने ओले झालेले अनवाणी पाऊल प्लास्टिकला चिकटून झटके देते, एवढे निश्चित सांगता येते. जॉयस्टिक टेबलावर फार उंच असेल तर खांदा उचलला जाऊन अर्ध्या तासात हात दुखू लागतो. तिची मूठ कोपराच्या पातळीला किंवा किंचित खाली येईल आणि मनगट मांडीवर किंवा खुर्चीच्या हातावर टेकता येईल, अशा बेताने तिच्यासाठी बाजूला एक छोटी फळी काढावी. मनगट टेकलेले असले की हालचाल बोटांतून होते, आणि बोटांची हालचाल दंडाच्या हालचालीपेक्षा नेहमीच बारीक असते.

विजेच्या बाजूकडे वळताना ग्रामीण भागात वारंवार खंडित होणारा पुरवठा विचारात घ्यावा लागतो. काही जॉयस्टिक आणि पेडल संगणकाला जोडली जाताच त्या क्षणीची स्थिती हाच मध्य मानतात. वीज जाऊन परत आली, संगणक पुन्हा सुरू झाला आणि त्या वेळी पाय पेडलवर ठेवलेला असेल, तर विमान पुढचे संपूर्ण उड्डाण एका बाजूला खेचत राहते. म्हणून संगणक सुरू होत असताना दोन्ही उपकरणांना हात-पाय लावू नयेत आणि सुरू झाल्यावर प्रत्येक पेडल व प्रत्येक ब्रेक एकदा टोकापर्यंत दाबून सोडावा. विंडोज वापरणाऱ्याने डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन यूएसबी रूट हबच्या गुणधर्मांतील वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी काढून टाकावी, कारण लांबच्या प्रवासात पेडल बराच वेळ हलवली गेली नाहीत तर तीच परवानगी त्यांना मधेच झोपवते. एकाच स्वस्त हबमधून जॉयस्टिक, पेडल आणि थ्रॉटल चालवण्यापेक्षा प्रत्येकाला संगणकाच्या मागची स्वतंत्र खाच द्यावी.

त्यानंतर येते कॅलिब्रेशन, म्हणजे उपकरणाचे मधले आणि दोन टोकांचे स्थान संगणकाला नेमके ओळखवून देणे. विंडोजमध्ये रन या चौकटीत जे, ओ, वाय, टिंब, सी, पी, एल ही अक्षरे टाइप केली की जोडलेल्या गेम कंट्रोलरची यादी उघडते. त्यातील गुणधर्मांच्या पानावर एका चौकोनात जॉयस्टिकची खूण फिरताना दिसते आणि उरलेले अक्ष पट्ट्यांच्या रूपात हलतात. येथे सिम्युलेटर सुरू न करता शांतपणे पाहावे: हात सोडल्यावर खूण मध्यभागी येते का, पेडल टोकाला नेल्यावर पट्टी पूर्ण भरते का, आणि काहीच न हलवता पट्टी थरथरते का. थरथर असेल तर ती संवेदकाची आहे आणि सिम्युलेटरमधील कोणताही आकडा तिला मुळातून बरा करणार नाही. जी उपकरणे आपले कॅलिब्रेशन आपणच करतात किंवा उत्पादकाच्या स्वतःच्या आज्ञावलीने करून घेतात, त्यांच्यावर विंडोजचे कॅलिब्रेशन पुन्हा लादू नये; दोन मोजमापे एकावर एक बसली की पेडलचा शेवटचा भाग निकामी होतो.

सिम्युलेटरमध्ये शिरल्यावर पहिले काम जोडण्यांची छाटणी करण्याचे असते. नवे उपकरण दिसताच सिम्युलेटर त्याच्या अक्षांना आपल्या समजुतीप्रमाणे कामे वाटून देतो, आणि त्यामुळे रडरचे काम एकाच वेळी पेडलकडे, जॉयस्टिकच्या पिळाकडे आणि कधी थ्रॉटलवरील पट्टीकडेही गेलेले असते. धावपट्टीवर विमान अकारण झटके देत असेल तर बहुतेक वेळा हेच कारण सापडते, कारण जॉयस्टिक बाजूला झुकवताना मूठ थोडी पिळली जाते आणि तो पिळ पेडलच्या आज्ञेशी भांडत राहतो. म्हणून प्रत्येक उपकरणाच्या पानावर जाऊन रडरची पेडलव्यतिरिक्त असलेली प्रत्येक जोडणी पुसून टाकावी. ज्या जॉयस्टिकचा पिळ स्क्रूने बंद करता येतो त्यात तो बंदच करावा.

पेडलच्या तीन अक्षांपैकी रडरचा अक्ष क्वचितच त्रास देतो, पण ब्रेकचे दोन अक्ष नवशिक्यांना हमखास गोंधळात टाकतात. अनेक पेडलमध्ये ब्रेकचे वाचन उलटे येते, म्हणजे पाय सुटलेला असताना संगणकाला तो पूर्ण दाबलेला दिसतो. परिणाम असा होतो की इंजिन सुरू होते, जोर वाढवला जातो, आवाज वाढतो, पण विमान जागचे हलत नाही. किंवा हलले तरी एका बाजूला गोल फिरते, कारण एकाच चाकाचा ब्रेक उलटा असतो. इंजिनात किंवा इंटरनेटमध्ये दोष शोधण्याआधी त्या अक्षासमोरील दिशा उलटी करण्याची चौकट तपासावी आणि पाय पूर्ण काढून घेतल्यावर ब्रेकची पट्टी शून्यावर येते का ते पाहावे. डावा आणि उजवा ब्रेक आपापल्या नावाच्या स्वतंत्र अक्षालाच जोडावा. दोन्ही ब्रेक एका बटणावर ठेवले तर जमिनीवर वळणे अवघड होते. सेसना १७२चे पुढचे चाक पेडलने प्रत्येक बाजूला सुमारे १० अंशच वळते आणि त्यापुढचे तीव्र वळण आतल्या बाजूच्या चाकाला ब्रेक लावूनच घ्यावे लागते.

याच टप्प्यावर सिम्युलेटरने देऊ केलेली मदत बंद करावी. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये साहाय्याच्या पर्यायांत आपोआप रडर चालवण्याची सोय असते, मोफत मिळणाऱ्या फ्लाइटगिअरमध्ये एलेरॉनबरोबर रडर आपोआप जोडून देणारा पर्याय असतो, आणि एक्स-प्लेनमध्ये स्थैर्य वाढवणारा एक सरकता दांडा असतो. ही मदत चालू असेल तर पेडल हलतात पण विमान त्यांचे ऐकत नाही, आणि पैसे वाया गेल्याची भावना होते.

आता कुठे संवेदनशीलतेकडे यावे. डेडझोन म्हणजे मध्याभोवतीचा असा लहान पट्टा की ज्यातील हालचाल संगणक दुर्लक्षितो. पोटेन्शिओमीटरच्या पेडलसाठी ३ ते ५ टक्के आणि हॉल संवेदकाच्या जॉयस्टिकसाठी १ टक्का किंवा शून्य एवढा तो पुरतो. मोठा डेडझोन ठेवला की मध्यातून जाताना विमान आधी काहीच करत नाही आणि मग एकदम उडी मारते. घरच्या जॉयस्टिकची दांडी विमानातील दांडीपेक्षा पुष्कळ आखूड असल्याने तिची थोडीशी हालचालही मोठी आज्ञा ठरते, म्हणून मध्याजवळचा प्रतिसाद मंद करणारा वक्र वापरतात. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये उणे २० ते उणे ३० टक्क्यांच्या आसपासचे मूल्य सुरुवातीला योग्य ठरते. त्याहून खोल वक्र मोहात पाडतो, कारण सपाट उड्डाण फारच सुखाचे होते. पण मध्यात वाचवलेली तीव्रता टोकांकडे साठते आणि जमिनीवर उतरण्याच्या शेवटच्या क्षणी, जेव्हा दांडी जास्त मागे खेचावी लागते, तेव्हा विमान अनपेक्षितपणे वर उसळते. एका वेळी एकच आकडा बदलावा, तो वहीत लिहून ठेवावा आणि तेच उड्डाण पुन्हा करून पाहावे.

दांडीबरोबर ट्रिमचेही बटण ठरवावे. ट्रिम म्हणजे एलिव्हेटरवरचा कायमचा दाब हलका करणारी सोय. खऱ्या विमानात ट्रिम फिरवला की दांडीवरचा दाब हळूहळू नाहीसा होतो, तर घरच्या जॉयस्टिकमधली स्प्रिंग तिला नेहमी मध्याकडेच ओढते, त्यामुळे ट्रिमच्या प्रत्येक टप्प्याबरोबर हाताने दांडी थोडी थोडी मध्याकडे सोडावी लागते. मुठीवरील टोपीसारख्या छोट्या बटणावर ट्रिम ठेवला तर हात न हलवता हे साधते.

सर्व मांडणी तपासण्यासाठी कराडची धावपट्टी उत्तम आहे. कोयना धरणाच्या कामाच्या सोयीसाठी १९५५ साली बांधलेली ही धावपट्टी सुमारे १,२८० मीटर लांबीची असून सेसनासाठी ती ऐसपैस आहे. वापरात असलेल्या सिम्युलेटरमध्ये ती नसेल तर कोल्हापूरचा उजळाईवाडीचा विमानतळ घ्यावा. जोर पूर्ण दिल्यावर धावपट्टीची मधली रेघ दोन्ही पायांमध्ये ठेवण्याचा प्रयत्न करावा, ५५ नॉटला, म्हणजे ताशी सुमारे १०० किलोमीटरला, नाक हलकेच उचलावे आणि ७४ नॉटच्या आसपास चढताना वळणदर्शक यंत्राच्या काचनळीतील गोळीवर लक्ष ठेवावे. ही गोळी घसरण्याची दिशा दाखवते; ती उजवीकडे गेली असेल तर उजवे पेडल दाबावे, डावीकडे गेली असेल तर डावे. कृष्णा ओलांडून ओगलेवाडीपाशी पुणे-मिरज लोहमार्ग पकडावा आणि समुद्रसपाटीपासून ४,५०० फुटांवर मसूर, तारगाव अशी स्थानके मागे टाकत उत्तरेकडे रहिमतपूर गाठावे. हे अंतर आकाशमार्गे ३३ किलोमीटरांच्या घरात आहे आणि १०० नॉटच्या वेगाने १०–११ मिनिटांत संपते. वाटेत लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंना नागमोडी वळणे घ्यावीत. त्यानंतर क्षितिजावरील एखादा डोंगरमाथा नाकासमोर धरून विमान १५ अंश डावीकडे, मग १५ अंश उजवीकडे असे झुकवावे आणि नाक त्या माथ्यावरून हलू देऊ नये. हा सराव केवळ हाताने जमतच नाही. नाक झुकण्याच्या उलट दिशेला जात असेल तर पाय उशिरा किंवा कमी लागतो आहे, आणि झुकण्याच्याच दिशेला पळत असेल तर तो जास्त लागतो आहे, असे समजावे. दोन्ही दिशांना चूक सारखी नसेल तर मात्र वैमानिकाला दोष देण्यापूर्वी पेडलचे कॅलिब्रेशन पुन्हा पाहावे.

आडव्या वाऱ्यात उतरणे ही पेडलची खरी कसोटी होय. कोल्हापूरच्या धावपट्टीची दिशा ०७ आणि २५ या आकड्यांनी ओळखली जाते, म्हणजे २५वर उतरताना नाक साधारण २५० अंशांकडे असते. सिम्युलेटरच्या हवामानात २८० अंशांकडून १२ नॉटचा वारा लावला की त्याचा आडवा भाग निम्मा, म्हणजे ६ नॉट, उजवीकडून लागतो, कारण ३० अंशांच्या कोनात आडवा घटक एकूण वेगाच्या अर्धा असतो. धावपट्टीजवळ येईपर्यंत नाक किंचित वाऱ्याकडे ठेवावे आणि टेकण्यापूर्वी डाव्या पेडलने ते धावपट्टीच्या रेषेत आणताना दांडी उजवीकडे कलवून उजवा पंख थोडा खाली ठेवावा. चाके टेकल्यावरही दांडी वाऱ्याकडे वाढवत न्यावी आणि पाय सैल सोडू नयेत, कारण शेपटीवर आपटणारा वारा नाक वाऱ्याकडे वळवू पाहतो. हे ६ नॉटला जमू लागले की वाऱ्याचा कोन ६० अंश करावा, म्हणजे तोच वारा सुमारे १० नॉटने आडवा लागतो.

देखभाल थोडकीच आहे. वापर नसताना पेडलवर जुन्या चादरीचा तुकडा टाकावा, रुळांतील धूळ मऊ ब्रशने काढावी, आणि थरथर सुरू झालेल्या पोटेन्शिओमीटरवर वंगण न टाकता विद्युत जोडण्या साफ करण्याचा, अवशेष न ठेवणारा फवारा वापरावा. सिम्युलेटरच्या मोठ्या अद्ययावतीकरणानंतर जोडण्या कधी कधी मूळ स्थितीला जातात, त्यासाठी आकड्यांची वही हाताशी असावी.

बारामतीसारख्या ठिकाणी जाऊन वैमानिकाचे शिक्षण घेण्याचा विचार करणाऱ्या तरुणांसाठी आणखी थोडे सांगणे आवश्यक आहे. घरच्या उड्डाणांचे तास व्यावसायिक परवान्यासाठी लागणाऱ्या २०० तासांत मोजले जात नाहीत, तथापि पायांचे वळण घरातून बरोबर जाते, चांगले आणि वाईट दोन्ही. त्यातील सर्वांत घातक सवय म्हणजे उतरताना बोटे पेडलच्या वरच्या भागावर टेकवून ठेवणे. पडद्यावर ती फारशी जाणवत नाही, पण खऱ्या विमानात ब्रेक दाबलेल्या अवस्थेत चाक टेकले तर टायर फुटू शकतो. तेव्हा प्रत्येक उतरणीपूर्वी, धावपट्टी समोर दिसू लागताच, दोन्ही टाचा फळीला टेकल्या आहेत याची खात्री करून घ्यावी आणि ब्रेककडे पाय चढवण्याचे काम वेग पुरेसा उतरल्यावरच करावे.